हर्डची सीडी

२००३ च्या फेब्रुवारीत पुण्याहून एस.टी.च्या कंडक्टरकरवी आमच्यासाठी एक सीडी सोलापूरला आली. वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळलेली, वर मार्करने ‘हर्ड’ एवढंच लिहिलेलं. मामेभाऊ तिथे होस्टेलवर राहायचा, त्याच्या कॉलेजात इंटरनेटची मोठी लाईन होती. आमच्याकडे टेलिफोनला जोडलेला मोडेम. सेकंदाला चार केबी आले तर साडेसहाशे एमबीची सीडी उतरायला सेहेचाळीस तास लागले असते, आणि लाईन एकदाही तुटायला नको होती. ती पाऊण तास टिकली तरी आम्ही खूश असायचो.

आम्ही म्हणजे आम्ही दोघे भाऊ. वयात दीड वर्षाचं अंतर, दोघेही इंजिनिअरिंगला. भाईजान आमच्याहून नऊ वर्षांनी मोठे. बेगम पेठेत त्यांचं डीटीपीचं दुकान होतं. इनपेजवर उर्दू पत्रिका आणि मराठी फॉन्टमध्ये हँडबिलं. आमच्या फिया त्याच दुकानातून निघत. आणि घरात म्हणावा असा कॉम्प्युटरही तो एकच, दुकानातला.

हर्ड हे काय प्रकरण होतं, ते थोडक्यात सांगायला हवं. अमेरिकेत पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात १९८५ च्या सुमारास रिचर्ड रशीद यांच्या देखरेखीखाली ‘माक’ नावाचा कर्नल तयार होऊ लागला. (रशीद हे नाव वाचून आम्ही उगाचच सुखावलो होतो, हे कबूल करतो.) कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा. एरवी फाइली, नेटवर्क सगळं हा गाभाच सांभाळतो. माकची कल्पना वेगळी होती. गाभ्याने फक्त मेमरी वाटून द्यावी, चालू कामांना प्रोसेसरची पाळी द्यावी आणि निरोप इकडून तिकडे पोचवावेत. बाकीचा कारभार बाहेरच्या वेगवेगळ्या प्रोग्रामांनी करावा. माकच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांत बीएसडी युनिक्सचा भाग मिसळलेला होता, त्यामुळे तो हवा तर एटी अँड टीचं लायसन्स लागे. तिसऱ्या आवृत्तीचा सुटा गाभा मात्र त्यातून मोकळा झाला. १९९४ मध्ये कार्नेगी मेलनने काम थांबवलं, मग युटा विद्यापीठाने ते पुढे नेलं, आणि त्यातूनच ग्नूचा माक निघाला. रिचर्ड स्टॉलमन यांच्या ग्नू प्रकल्पाने १९९० पासून त्याच्यावर जे प्रोग्राम रचायला घेतले, ते हर्ड. पुढच्याच वर्षी लिनक्स आलं आणि हर्डची वाट बघणारे बहुतेक लोक तिकडे गेले.

मग आम्हाला तेच का हवं होतं? एका गोष्टीसाठी. युनिक्समध्ये डिस्क जोडायची, नवी फाइल सिस्टिम लावायची तर ‘रूट’ची, म्हणजे मालकाची परवानगी लागते. हर्डमध्ये कुणीही साधा वापरकर्ता आपल्या फाइलीच्या जागी आपला प्रोग्राम बसवू शकतो, कुणाला विचारायची गरज नाही. त्या प्रोग्रामाला ते ‘ट्रान्सलेटर’ म्हणतात. घरात दखनी, दुकानात उर्दू, कॉलेजात मराठी आणि परीक्षेला इंग्रजी अशा आम्हाला तो शब्दच फार आवडला होता. विचारल्याशिवाय करता येतं, हे त्याहून जास्त आवडलं होतं.

भाईजान जुम्म्याच्या नमाजला गेले की दुकान दोन तास बंद असे. तो वेळ आम्ही धरला.

हर्डला त्या काळी स्वतःहून बसता येत नसे. आधी लिनक्स सुरू करायचं, त्याच्याकडून पार्टिशन तयार करून घ्यायचं, फाइली उलगडायच्या आणि मग ‘ग्रब’च्या फ्लॉपीवरून हाताने ओळी टाइप करून माक उठवायचा. ग्रब हा लोडरच मुळी १९९५ मध्ये एरिक बोलेन यांनी माक सुरू करता यावा म्हणून लिहिला होता. पार्टिशन दोन जीबीपेक्षा मोठं चालत नसे. आमच्या सुदैवाने दुकानातल्या मशीनचा ई ड्राइव्ह त्याहून लहान होता आणि त्यात गाण्यांशिवाय काही नव्हतं.

घोटाळा नावांचा होता. विंडोजमध्ये जो ई, तो लिनक्समध्ये एचडीए-६. हर्ड त्यालाच एचडी-शून्य-एस-६ म्हणणार. ग्रब मात्र शून्यापासून मोजतो, म्हणून त्याच्याकडे तो पाच. एकच जागा आणि चार नावं. आम्ही कॅलेंडरच्या पाठीमागे पेन्सिलने ग्रबची ओळ लिहून ठेवली होती, कारण तीच लांबलचक होती. एक जण वाचत होता, एक जण टाइप करत होता. वाचणाऱ्याने ‘पाच’ म्हटलं, टाइप करणाऱ्याने लिनक्सला पाच सांगितलं. लिनक्समधला पाच म्हणजे विंडोजचा डी ड्राइव्ह. आणि डीमध्ये भाईजानचं सगळं काम.

एंटर दाबल्यावर आकडे सरसर पुढे गेले. मशीनने काही विचारलं नाही. कर्सर परत येऊन थांबला. कोण वाचत होतं आणि कोण टाइप करत होतं, हे आम्ही घरात आजवर सांगितलेलं नाही.

बकरी ईद होऊन गेली होती, मोहरम तोंडावर होता. मधल्या दिवसांत लग्नांची गर्दी. अकरा पत्रिका डीमध्ये होत्या. सात जणांचे बटर पेपर निघून छापखान्यात गेले होते, त्यामुळे ते वाचले. चार गेल्या. आणि एक पुस्तक गेलं. उर्दू शाळेतून निवृत्त झालेल्या एका मास्तरांनी आपल्या आठवणी लिहिल्या होत्या, एकशे दहा पानं. त्यांनी तिसरं प्रूफ तपासून दिलं होतं, भाईजाननी त्या दुरुस्त्या घातल्या होत्या आणि ती प्रुफं रद्दीत गेली होती. पहिल्या प्रुफाचा एक गठ्ठा तेवढा माळ्यावर सापडला.

ओळखीच्या दुरुस्तीवाल्याने दोन दिवस खटपट केली. फाइली कुठून सुरू होतात याची नोंद पार्टिशनच्या सुरुवातीलाच असते, आणि नेमकी तीच पुसली गेली होती. हाती आलेल्या फाइली उघडल्या तर आत चौकोन.

भाईजान ओरडले नाहीत. खुर्चीत बसून राहिले आणि मग एवढंच म्हणाले, “पूछे कायकू नई?”

आमच्याकडे उत्तर नव्हतं. विचारलं असतं तर त्यांनी नाही म्हटलं असतं, हे त्यांनाही ठाऊक होतं आणि आम्हालाही.

चार पत्रिका त्यांनी त्याच रात्री पुन्हा केल्या. पुस्तक आम्हाला दिलं. इनपेजचा कीबोर्ड आम्हाला जेमतेम येत होता. रोज संध्याकाळी कॉलेजातून आलो की एक जण वाचणार आणि एक जण टाइप करणार, पुन्हा तसंच. तीन आठवडे लागले. मास्तरांच्या एका डोळ्यात मोतीबिंदू होता. त्यांना दोन्ही प्रुफं पुन्हा तपासावी लागली, भिंग घेऊन, दुकानाच्या बाकावर बसून. आम्ही माफी मागितली तेव्हा ते म्हणाले, “यंदा दोन वाक्यं बदलायची होतीच.” ती खरंच बदलली की आमच्यासाठी म्हणाले, ते आम्ही ताडून पाहिलं नाही.

मे महिन्यात भाईजाननी दुकानाच्या माळ्यावरचा जुना पेंटियम खाली काढला. बत्तीस एमबी मेमरी, सव्वा जीबीची डिस्क. “इसपे करो क्या करना है वो,” म्हणाले. त्यात दुसरं काहीच नव्हतं, त्यामुळे चुकायलाही जागा नव्हती. हर्ड बसलं. नेटिव्ह-इन्स्टॉल नावाची स्क्रिप्ट दोनदा चालवावी लागली, मध्ये मशीन बंद-चालू करून. आवाज नाही, यूएसबी नाही. हार्डवेअरचे ड्रायव्हर लिनक्सच्या २.० मालिकेतून घेतलेले, म्हणून त्याला जुनीच कार्डं समजत. मोठी फाइल हलवली की मशीन विचारात पडे. प्रत्येक कामाला निरोप इकडून तिकडे जाणार, त्याची ती किंमत होती.

पण एक गंमत दिसली. सुरू झाल्यावर ते नाव विचारून अडवत नसे. तुम्ही लॉगिन करायच्या आधीच एक शेल समोर येई, आणि त्यात तुम्ही कुणीच नसता. रूट नाही, साधे वापरकर्तेही नाही. तशाच अवस्थेत थोडंफार फिरता येई. मग साध्या नावाने आत जाऊन आम्ही एका फाइलीवर ‘हॅलो’ नावाचा ट्रान्सलेटर बसवला. फाइलीत कुणी काही लिहिलेलं नव्हतं, पण वाचली की प्रत्येक वेळी ती नमस्कार करी. भाईजाननी दोनदा वाचायला लावलं.

“इसमें इनपेज चलता?”

“नई चलता.”

“अच्छा,” म्हणाले आणि चहा सांगायला गेले.

हर्डचं काम आजही चालू आहे. डेबियनने २०१३ मध्ये हर्डची आवृत्ती काढली, २०२५ मध्ये तर चौसष्ट बिटची. दोन जीबीची अट कधीच गेली. आता ते आभासी मशीनमध्ये अर्ध्या तासात बसतं आणि चुकलं तर एक फाइल पुसायची, एवढंच. आमच्यातला एक आता पुण्यात असतो, एक सोलापुरातच. तरी कुणाच्याही मशीनवर पार्टिशन करायची वेळ आली की पहिला दुसऱ्याला फोन लावतो, आकडा मोठ्याने वाचतो आणि पलीकडून ‘हां’ येईपर्यंत एंटरवर बोट ठेवत नाही.