बीड, ॲल्युमिनियम आणि बाबांचा फोन

यावेळची पोस्ट बस्सीहून. जयपूर-आग्रा रस्त्यावरचं हे गाव. कुटुंब पुण्यात, मी इथे एकटा. संध्याकाळी वेळ खायला उठतो, म्हणून एक छोटं इंजिन बनवायला घेतलं.

हे ज्योत गिळणारं इंजिन. स्पिरिटच्या दिव्याची ज्योत सिलिंडरमध्ये ओढली जाते, झडप मिटते, आतली गरम हवा थंड होऊन आकसते आणि बाहेरच्या हवेचा दाब पिस्टनला आत ढकलतो. स्फोट नाही, वाफ नाही. घरात बनवायला सुरक्षित. पण ताकद इतकी कमी की पिस्टन जरा घासला किंवा जरा गळला की संपलं.

सिलिंडरचा व्यास ठेवला 20 मिमी. सिलिंडर पोलादी पाइपचा, पिस्टन ॲल्युमिनियमचा. हलका, चकचकीत, कापायला सोपा. थंड असताना लोण्यासारखा सरकायचा. दिवा लावला आणि दोन मिनिटांत जाम. पिस्टन थोडा घासून सैल केला, तर हवा गळू लागली आणि इंजिन फिरेचना.

मग कागद-पेन्सिल घेतली. तापमान 150 अंशांनी वाढलं तर 20 मिमीचा ॲल्युमिनियमचा पिस्टन साधारण 0.07 मिमी फुगतो. तेवढ्याच तापमानात पोलादी सिलिंडर फुगतो 0.036 मिमी, म्हणजे जवळपास निम्मा. फरक केसाच्या जाडीच्या निम्म्याइतका, पण एवढ्या लहान इंजिनात तेवढीही फट परवडत नाही. हे गणित आधी करायला हवं होतं. चूक माझीच.

शेवटी बाबांना फोन लावला. बाबा पुण्यातल्या एका कारखान्यात टर्नर होते. मला त्यांनी कधी लेथला हात लावू दिला नाही. "तू अभ्यास कर," एवढंच. मी एनडीएत गेलो, खडकवासल्याहून सुट्टीत घरी यायचो, तेव्हाही त्यांच्या कामाबद्दल मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. आता त्यांचे हात थरथरतात.

सगळं ऐकून ते म्हणाले, "अरे, दोन्ही बिडाचं कर. दोन्ही सारखंच फुगेल. पोलादावर पोलाद चिकटतं, पण बिडात ग्राफाइट असतं, ते स्वतःच वंगणाचं काम करतं."

बीड कुठून आणायचं? इथल्या भंगारवाल्याकडे उत्तर होतं. पाणी खोल गेलं, विहिरींवरची डिझेल इंजिनं गेली, बोअरचे विजेचे पंप आले. जुन्या इंजिनाच्या फुटलेल्या फ्लायव्हीलचा जाड तुकडा किलोच्या भावाने मिळाला. त्यावर नाव नव्हतं, पण खडकीत 1946 साली सुरू झालेल्या किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची आठवण झालीच.

रविवारी खरादवाल्याकडे गेलो. बाबा फोनवर.

"काय निघतंय? वळ्या की चुरा?"

"काळा चुरा, बाबा."

"मग बीडच आहे. पहिला काप खोल घ्यायला सांग. वरची कातडी कडक असते, नुसतं खरवडलं तर हत्यार बोथट होईल."

सिलिंडर आणि पिस्टन शेवटी बारीक पेस्टने हाताने घोटले आणि रॉकेलने स्वच्छ धुतले. परीक्षाही बाबांनीच सांगितली. सिलिंडर उभा धरला, की कोरडा पिस्टन स्वतःच्या वजनाने हळूहळू खाली यावा. खालचं तोंड अंगठ्याने दाबलं, की तिथेच थांबावा. चौथ्या दिवशी थांबला.

ज्यांना निवृत्तीनंतर हा नाद करायचा आहे त्यांच्यासाठी: गरम होणाऱ्या इंजिनात दोन्ही भाग बिडाचे घ्या, नाहीतर पिस्टन ग्राफाइटचा करा. त्यात तेल घालू नका, ते चिकट होऊन इंजिन अडवतं. ॲल्युमिनियमचा पिस्टन पेट्रोलच्या इंजिनात चालतो, कारण तिथे फट जास्त ठेवून रिंगा ती झाकतात.

गेल्या शनिवारी रात्री इंजिन चाललं. टक् टक् टक्. फोन जवळ धरला. बाबा बराच वेळ ऐकत होते.

"तेल घातलंस का?"

"नाही."

"बरं केलंस." मग थोडं थांबून, "तुकडा उरलाय का?"

उरलाय. पुढच्या सुट्टीत पुण्याला नेतोय. हात माझे, डोळे त्यांचे.

जय हिंद.