काचेवरचे कुंकू

आम्ही रविवर्म्यांच्या छापील चित्रांच्या जुन्या तसबिरी जमवितो हे ठाऊक झाल्यापासून निपाणी-बेळगाव भागात एखादा वाडा उतरवायला निघाला की आम्हांस निरोप येतो. माडीवर लक्ष्मी-सरस्वतींच्या शेजारी विश्वामित्र-मेनकाही सापडतात. पूर्वजांची रसिकता देवघरापाशी थांबत नसे!

१८९४ साली मुंबईत निघालेला रविवर्म्यांचा शिळाछापखाना पुढे लोणावळ्याजवळ मळवलीस गेला. एकेका रंगासाठी निराळा दगड, रंगावर रंग चढत. आणि ज्यांना देवळाची पायरी चढू दिली जात नव्हती त्यांच्याही घरी देवी पोचली. १९७२ साली तेथे आग लागली. तसबीर हाती येताच तळाच्या पट्टीवरील छापखान्याचे नाव आम्ही आधी पाहतो. चौकटीसाठी ती पट्टी कातरलेली असली की भाव उतरतो. आम्हांस मात्र कुणा गृहिणीने लक्ष्मीच्या शालूवर टाचलेली जर आणि टिकल्या अधिक मोलाच्या वाटतात.

खरी अडचण निराळीच. बेळगावहून निपाणीस आणलेल्या एका लक्ष्मीच्या काचेवर, नेमक्या कपाळाच्या जागी, कुंकवाचा थर आहे. चौकटवाला म्हणतो, काच बदला. घरची मंडळी म्हणतात, पुजलेली देवी दिवाणखान्यात टांगू नये. देव्हाऱ्यात बसवा, नाही तर वेदगंगेत सोडा. पाण्यात सोडण्यास आमचा हात धजत नाही. आणि नुसती शोभेसाठी लावावी, तर रोज कुंकू लावणारे ते बोट डोळ्यांपुढून हलत नाही. तूर्त मागचा ओला पुठ्ठा तेवढा बदलला आहे. काच तीच आहे, आणि देवी अजून भिंतीला टेकून जमिनीवरच, पाटावर आहे.