वाऱ्याच्या सवडीनें

एकत्र कुटुंबांतील माणूस प्रवासास निघतो तो लग्नकार्यासाठीं, आजारी आप्तास पाहण्यासाठीं किंवा कुलदैवताच्या दर्शनासाठीं. आणि तेव्हांहि फराळाचे डबे, औषधांची पेटी व चारदोन मुलें बरोबर असावयाचींच. पतिपत्नींनीं दोघांनींच, कांहीं एक काम नसतां, कोठें तरी जावें ही गोष्ट आमच्या घरीं कोणी निषिद्ध मानीत नाहीं. परंतु ती कोणाच्या मनांतच येत नाहीं. ३२ वर्षांच्या संसारानंतर परदेशांत असलेल्या मुलानें ती आमच्या मनांत घातली, आणि २०२४ च्या फाल्गुनांत आम्ही उभयतां वेस्ट इंडीजमधील ब्रिटिश व्हर्जिन बेटांत शिडाच्या गलबतांतून ९ दिवस हिंडून आलों.

निघतांना एक प्रश्न मागें ठेवून गेलों होतों. आमचा पुण्यांतील जुना वाडा पाडून तेथें नवी इमारत व्हावयाची आहे. तींत तिघां भावांनीं मिळून एकच मोठी जागा घ्यावी कीं तीन निरनिराळीं बिऱ्हाडें थाटावीं, हें थोरलेपणामुळें आम्हीं सांगावयाचें होतें. ह्या विषयावर उभयतांनीं बोलावें म्हटलें तर घरांत तशी जागा नाहीं. स्वयंपाकघरांत जावा, माजघरांत मुलें, माडीवर पाहुणे. रात्रीं बोलावें तर दिवसभर राबलेल्या माणसास शब्दाआधीं झोंप येते.

हीं बेटें पोर्तो रिकोच्या पूर्वेस आहेत. लहानमोठीं मिळून तीं साठाच्या आसपास भरतात, पण वस्ती थोड्यांवरच. १४९३ सालीं दुसऱ्या सफरींत कोलंबसानें तीं पाहिलीं आणि संत उर्सुला व तिच्या ११,००० कुमारिका यांच्या कथेवरून त्यांस नांव दिलें. टॉर्टोला हें सर्वांत मोठें. त्याच्या दक्षिणेस नॉर्मन, पीटर, सॉल्ट, कूपर, जिंजर हीं बेटें जवळजवळ एका ओळींत असून पूर्वेच्या टोंकास व्हर्जिन गोर्डा आहे. मधल्या जलमार्गास सर फ्रान्सिस ड्रेकचें नांव आहे. दोन्ही अंगांस जमीन असल्यामुळें महासागराच्या मोठ्या लाटा तेथें पोंचत नाहींत. एका बेटावरून दुसरें दिसतें. आणि भरतीओहोटीचा फरक फूट-दीड फुटाहून अधिक नसतो. मुंबईस उधाणाचें पाणी १५ फुटांच्या आसपास चढतांना पाहिलेल्या आम्हांस तो समुद्र तळ्यासारखा वाटला. किनाऱ्यावर पांढरा चाफा फुललेला होता. आपल्या देवळांच्या आवारांत पिढ्यान्‌पिढ्या उभें असलेलें हें झाड मूळचें ह्याच मुलखाकडलें. तेथील आंबा मात्र आपल्याकडून गेलेला. हें सांगतांच सौभाग्यवती म्हणाली, "म्हणजे आपण चाफ्याच्या माहेरीं आलों!"

तेथें वारा बहुतेक वर्षभर पूर्वेकडून वाहतो. शिडाच्या गलबतास वाऱ्याच्या थेट तोंडावर जातां येत नाहीं. म्हणून पूर्व गांठावयाची तर आधीं एका अंगास तिरपें जावें, मग वळून दुसऱ्या अंगास तिरपें जावें, असा नागमोडी मार्ग धरावा लागतो. नॉर्मन बेटाहून व्हर्जिन गोर्डास यंत्रानें अडीच-तीन तासांत पोंचतां येतें. आम्हांस न्याहारीपासून तिसरा प्रहर टळेपर्यंत वेळ लागला. प्रत्येक वळणास पुढच्या शिडाचा एका बाजूचा दोर सोडावयाचा आणि त्याच वेळीं दुसऱ्या बाजूचा ओढून घ्यावयाचा. सुकाणूं तांडेलाच्या हातीं असे. दोन्ही दोर मात्र त्यानें पहिल्याच दिवशीं आम्हां दोघांच्या स्वाधीन केले. सोडणाऱ्यानें घाई केली तर शीड फडफडतें. उशीर केला तर ओढणाऱ्याचा दोर जागचा हलत नाहीं. घरीं कामांची वांटणी अशी ठरलेली कीं दोघांनीं एकाच क्षणीं एकच काम करण्याचा प्रसंग सहसा येत नाहीं. येथें तो दिवसांतून वीस वेळां येऊं लागला. पहिले दोन दिवस "सोडा!" "ओढ!" असा गलका होई, तिसऱ्या दिवशीं नुसत्या नजरेनें काम होऊं लागलें. दोन वळणांमध्यें अर्धा-पाऊण तास कांहींच करावयाचें नसे. वारा आपल्या सवडीनें नेईल तेव्हां न्यावें. त्या मोकळ्या वेळांत, कोणी ठरविल्यावांचून, आमचें बोलणें सुरू झालें. आरंभीं तें घरच्या माणसांविषयींच असे. पुढें आमच्याविषयीं होऊं लागलें.

परतीच्या वाटेवर कूपर बेटाच्या आडोशास मुक्काम केला. समोरच सॉल्ट बेट. २९ ऑक्टोबर १८६७ रोजीं तुफानांत सांपडून 'रोन' नांवाची टपालाची आगबोट त्याच्या खडकांवर फुटली. शंभराहून अधिक माणसें बुडालीं, आणि त्यांतील कित्येकांस त्याच बेटावर पुरण्यांत आलें. ६ सप्टेंबर २०१७ रोजीं इर्मा वादळानें टॉर्टोलावरील घरांचीं छपरें उडविलीं आणि आश्रयास उभीं असलेलीं गलबतें एकावर एक रचून टाकलीं. तांडेल तेथलाच राहणारा. त्या वादळानंतर तीन घरचीं माणसें मिळून एका खोलींत राहिलीं होतीं. "जवळ सारे होते म्हणून वांचलों," तो म्हणाला, "पण आठव्या दिवशीं प्रत्येक जण दार शोधूं लागला." आणि तो हंसला. सौभाग्यवती हंसली नाहीं.

त्या रात्रीं उत्तरेस टॉर्टोलाच्या डोंगरांवर ध्रुव दिसत होता. पुणें आणि टॉर्टोला हीं दोन्ही सुमारें साडेअठरा उत्तर अक्षांशांवर. त्यामुळें ध्रुवाची क्षितिजापासूनची उंची दोन्हीकडे सारखीच, हात लांब करून एकीवर एक धरलेल्या दोन मुठींएवढी. आमच्या लग्नांत ध्रुवदर्शनाच्या वेळीं मांडवाचें छत आड आलें होतें. "दिसला म्हणा," असें भटजींनीं सांगितलें आणि वधूनें तसें म्हटलें.

"खरा आज पाहिला," सौभाग्यवती म्हणाली. मग थोडें थांबून, "अहो, मला वेगळें बिऱ्हाड नको. जावांमध्यें जन्म गेला. त्यांच्यावांचून मला करमायचें नाहीं. पण एक दार हवें. आंतून लावलें तर कां लावलें असें कोणी विचारूं नये."

गलबतावरील आमची खोली जेमतेम बिछान्याएवढी होती. पण तिला दार होतें.

घरीं आल्यावर हें भावांस सांगितलें. एक स्वयंपाकघर, एक देवघर आणि प्रत्येक जोडप्यास दाराची स्वतंत्र खोली, असा नकाशा सर्वांनीं मिळून केला आहे. धाकटी भावजय तो पाहून सौभाग्यवतीस हळूच म्हणाली, "जाऊबाई, हेंच मीं मागितलें असतें तर मी घर मोडलें असें झालें असतें." थोरल्यांनीं आधीं मागावें तें ह्याचसाठीं.

एकांत आणि एकत्र कुटुंब यांचें वैर आहे असें आपण उगाच मानीत आलों. एकाच शिडाचे दोन दोर धरणाऱ्यांस अधूनमधून एकमेकांच्या तोंडाकडे पाहतां आलें पाहिजे, एवढेंच. त्यासाठीं इतका दूरचा समुद्र गांठण्याचें कारण नाहीं. आपल्या कोंकणच्या किनाऱ्यावरहि वारा वाहतोच. ज्या घरांत सुना आहेत त्या घरांतील वडील माणसांनीं वर्षांतून आठ दिवस एकेका जोडप्यास बाहेर धाडावें, आणि त्यांच्याबरोबर डबे देऊं नयेत.