टीव्हीवरची आर्ची आणि आपली लेक

रेणापूरला आमच्या घरी एका रात्री टीव्हीवर नागराज मंजुळे यांचा २०१६ सालचा ‘सैराट’ लागला. पाटलाची आर्ची, मासेमाऱ्याचा परशा. शेवटी लेकराची रक्ताळलेली पावले दिसली नि आम्ही सारे रडलो.

लेकीने विचारले, "बाबा, मी आर्ची असते तर?"

मला उत्तर सुचेना. डोळ्यांत पाणी होते, पण मनात आधी मुलाची जातच आली.

१९५४ च्या विशेष विवाह कायद्याने जातधर्म कोणताही असो, २१ वर्षांचा मुलगा व १८ वर्षांची मुलगी नोंदणीने लग्न करू शकतात. पण घराचे दार कायदा उघडीत नाही. ते आपणच उघडायचे.

सकाळी शेताकडे निघताना तिला म्हणालो, "तसं काही असलं, तर आधी मला सांग. पळून जायची वेळ येणार नाही."

तुम्ही काय म्हणाला असता?