बिडदीचे पाळणे आणि रात्रीचे ताट

मुलांना घेऊन सहलीला निघताना आपण रेल्वेचे आरक्षण पाहतो, मुक्कामाची सोय पाहतो, तिकिटाचे दर चार ठिकाणी विचारतो. जेवणाचे मात्र 'बघू तिथे गेल्यावर' म्हणून सोडून देतो. मोठ्या माणसांपुरते हे चालून जाते. घरात तीन वर्षांचे मूल आणि सत्तरीतली आजी एकाच गाडीत असतील, तर तेवढ्या एका गोष्टीवर सगळ्या दिवसाचा आनंद टिकतो किंवा सांडतो. त्यातही दिवसभर पाळण्यांत बसून, पाण्यात डुंबून बाहेर पडलेल्या मुलांच्या रात्रीच्या जेवणाचा विचार वेगळाच करावा लागतो.

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या बऱ्याच कुटुंबांची दिवाळीची किंवा मे महिन्याची सहल हल्ली बेंगळूर-म्हैसूरची असते आणि मुलांच्या हट्टाने तिच्यात बिडदीचे 'वंडरला' असतेच. व्ही-गार्ड कंपनीचे संस्थापक कोचौसेफ चिट्टिलप्पिल्ली यांनी २००० साली कोचीला 'वीगालँड' काढले. त्यानंतर २००५ साली बेंगळूरपासून तीसेक किलोमीटरवर, म्हैसूर रस्त्यावर बिडदीजवळ हे पार्क सुरू झाले. सुमारे ८२ एकरांचा पसारा आहे. कोरडे खेळ, पाण्याचे खेळ, लाटांचे तळे, चिमुकल्यांसाठी वेगळे छोटे पाळणे असे सगळे तिथे आहे. मुलांचे तिकीट वयावर नव्हे, उंचीवर ठरते. त्यामुळे फाटकाशी प्रत्येक मूल टाचा उंचावून उभे राहते आणि प्रत्येक बाप त्याला खाली दाबतो, हे दृश्य पाहण्यासारखे असते.

२०२४ च्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही सात जण गेलो होतो. मी, पत्नी, नऊ वर्षांची मुलगी, धाकटा भाऊ, त्याची पत्नी आणि त्यांचा तीन वर्षांचा मुलगा, शिवाय आई. आईला मधुमेह आहे, रात्रीची गोळी आणि जेवण वेळेवर लागते. जिथे सामिष शिजते तिथले ती खात नाही. भावाची बायको धारवाडची, कन्नड घरातली. पुतण्या आईशी कन्नड बोलतो, आमच्याशी मराठी बोलतो आणि आजीला 'अज्जी' म्हणतो. हे नाते तेवढे दोन्ही भाषांत जवळजवळ सारखेच आहे, म्हणून त्यावरून आमच्या घरात कधी वाद झाला नाही.

राणी चन्नम्मा एक्सप्रेसने पहाटे बेंगळूरला उतरलो, भाड्याची गाडी केली, दिवसभर वंडरला केले आणि रात्री म्हैसूरला मुक्कामाला पोचायचे होते. पार्क संध्याकाळी सहा-सातच्या सुमारास बंद होते, म्हणजे रात्रीचे जेवण बाहेरच घ्यावे लागते. आमच्यापुढे चार वाटा होत्या. असा प्रवास करणाऱ्या प्रत्येक कुटुंबापुढे साधारण याच असतात, म्हणून त्या सविस्तर सांगतो.

पहिली वाट म्हणजे बंद होण्यापूर्वी आतच खाऊन घेणे. आत शाकाहारी, मांसाहारी अशी खाण्याची ठिकाणे आहेत. बाहेरचे पदार्थ अशा बहुतेक पार्कांत आत नेऊ देत नाहीत. तान्ह्या मुलाच्या खाण्यापुरती सवलत असते, पण निघण्याआधी फोन करून विचारलेले बरे. दुपारचे जेवण आत घेणे सोयीचेच असते. मात्र साडेपाचला मुले पाण्यातून बाहेर यायला तयार नसतात, आली तरी ओल्या केसांनी कुडकुडत ताटासमोर बसतात आणि दोन घासांवर उठतात. शिवाय पोटभर खाऊन लगेच शेवटच्या गिरकीच्या पाळण्यात बसणे कोणत्याच वयाला मानवत नाही. चार वाजता आत काहीतरी हलके, म्हणजे केळे, इडली, दूध असे द्यावे आणि जेवण बाहेर ठेवावे, हेच बरे.

दुसरी वाट म्हणजे बेंगळूर शहरात परतून एखाद्या मॉलमध्ये जेवणे. भावाचा कल तिकडे होता. 'तिथे प्रत्येकाला हवे ते मिळते,' हे त्याचे म्हणणे खोटे नाही. पण संध्याकाळी केंगेरीकडून शहरात शिरणाऱ्या वाहनांची रांग ज्याने पाहिली आहे, तो भुकेल्या मुलाला घेऊन तिच्यात उभा राहणार नाही. शहरात मुक्काम असेल तर आधी बिडदीला जेवून मग त्या रांगेत शिरावे. मुले पोटभर जेवून मागच्या सीटवर झोपलेली असली की रांग निम्मी वाटते. आम्हाला तर जायचे होते उलट दिशेला.

तिसरी वाट आमच्या चालकाने सुचवली. मार्च २०२३ मध्ये सुरू झालेल्या द्रुतगती मार्गाला लागायचे आणि थेट म्हैसूर गाठून जेवायचे. हा मार्ग सुमारे ११८ किलोमीटरचा आहे आणि बिडदी, रामनगर, चन्नपट्टण, मद्दूर, मंड्या ही गावे बाजूला ठेवून जातो. ऑगस्ट २०२३ पासून दुचाकी, रिक्षा, ट्रॅक्टर यांना मुख्य मार्गावर बंदी आहे. गाडी सुरेख पळते. पण आम्ही बाहेर पडलो तेव्हा साडेसहा होऊन गेले होते. म्हैसूर शहरात शिरून हॉटेल शोधून ताट समोर येईपर्यंत पावणेनऊ-नऊ झाले असते. आईची गोळी साडेसातची. आई काही बोलली नाही. आपल्यासाठी कुणी थांबू नये म्हणून घरातली वडीलधारी माणसे अशा वेळी गप्प बसतात आणि पर्समधले बिस्कीट शोधतात. भावाच्या बायकोच्या ते लक्षात आले. ती म्हणाली, "भावोजी, मुलांना बिस्किटावर नेता येईल, पण अत्तेंना बिस्किटावर नेऊ नका." तिथेच तिसरी वाट बंद झाली.

उरली चौथी वाट, म्हणजे जुन्या म्हैसूर रस्त्याने जाणे आणि त्या रस्त्यावरच जेवणे.

बिडदी हे पार्कचे गाव म्हणून मुलांना ठाऊक असले, तरी खाणाऱ्यांना ते तट्टे इडलीचे गाव म्हणून ठाऊक आहे. कन्नडमध्ये तट्टे म्हणजे ताटली. आपल्या 'ताटा'च्या जवळचाच शब्द. नेहमीच्या साच्यात न करता एकेका बशीएवढ्या ताटलीत ही इडली वाफवतात आणि ताटल्या एकावर एक रचतात. इडली पसरट, पांढरीशुभ्र आणि इतकी मऊ की बोट लावले तर खळी पडावी. वर लोण्याचा गोळा आणि बाजूला नारळाची चटणी. बेळगावहून मोटारीने येणाऱ्यांना ती तुमकूरजवळच्या क्यात्संद्र गावातही भेटते. लहान मुलांसाठी याहून सोयीचा पदार्थ शोधून सापडणार नाही. एक इडली दोन लहानग्यांना पुरते, तिखट नसते, चावायचे कष्ट नाहीत आणि सांडली तर उचलता येते. बेंगळूरकडे परतणाऱ्यांनी इथेच थांबावे. "खारा कम्मी माडि" एवढे सांगितले की चटणीही मुलांजोगी मिळते.

पण आईला रात्री नुसता तांदूळ सोसत नाही. म्हणून आम्ही अर्ध्या तासाने पुढे रामनगरला थांबलो. हे आपल्या लोंढ्याकडचे रामनगर नव्हे. हे 'शोले'चे रामनगर. १९७५ साली आलेल्या त्या चित्रपटातले रामगढ इथल्याच खडकाळ डोंगरांच्या पायथ्याशी उभारले होते. या गावाजवळ जुन्या रस्त्यावर 'जानपद लोक' आहे. सनदी अधिकारी आणि लोकसाहित्याचे अभ्यासक एच. एल. नागेगौडा यांनी उभे केलेले हे लोककलांचे संग्रहालय १९९४ पासून लोकांना पाहायला मिळते. ते दिवसा पाहायचे, त्यासाठी परतीचा दिवस ठेवा. त्याच्या शेजारीच कामतांचे 'लोकरुची' हे शाकाहारी उपाहारगृह आहे.

तिथे आईसमोर जे ताट आले त्यात जोळद रोट्टी होती, म्हणजे आपली ज्वारीची भाकरी. सोबत एण्णेगाई, म्हणजे आपली भरली वांगी, पालेभाजी आणि चटणी. घरापासून पाचशे किलोमीटरवर, रागी मुद्द्यांच्या मुलखात, आईला भाकरी मिळाली. तिने आधी गोळी घेतली, मग भाकरीचा तुकडा मोडून हातावर घेऊन पाहिला आणि म्हणाली, "पातळ थापलीय. आपल्याकडचीच कुणीतरी आहे आत." वाढायला आलेल्या मुलाला तिने मोडक्या कन्नडमध्ये विचारले. तो हसून म्हणाला, भाकरी करणारी बाई विजापूरकडची आहे. आईने त्या न पाहिलेल्या बाईसाठी निरोप दिला, "छान झालीय म्हणून सांग." सुनेने तो शुद्ध कन्नडमध्ये आत पोचवला.

पुतण्या गाडीत वीस मिनिटे झोपून उठला होता. एवढी झोप फार महत्त्वाची. पार्कमधून थेट टेबलाशी आणलेले मूल रडते आणि अर्धा तास डुलकी काढून आलेले मूल जेवते. त्याने लोणी लावलेली इडली खाल्ली. माझ्या मुलीला शेजारच्या टेबलावरचा रागी मुद्दे दिसला. तो चावायचा नसतो, सारात बुडवून गिळायचा असतो, हे कळल्यावर तिने हट्टाने अर्धा मागवला. दोन घास गिळले, तिसरा चावला आणि तोंड वाकडे केले. उरलेला तिच्या काकाने संपवला. मॉलचा विषय त्याने पुन्हा काढला नाही.

जेवणानंतर मालाच्या नोंदी करत बसलेल्या, पुढच्या एका छोट्या हॉटेलच्या मालकाशी चहाच्या निमित्ताने बोलणे झाले. तो म्हणाला, "रस्ता चांगला झाला साहेब, नाही म्हणत नाही. पण गाड्या आता वरून जातात." नवीन मार्ग झाल्यापासून बिडदीची इडली, चन्नपट्टणची लाकडी खेळणी, मद्दूरचा कुरकुरीत वडा विकणाऱ्या जुन्या रस्त्यावरच्या अनेकांचे गिऱ्हाईक आटले. महामार्ग गावाबाहेरून गेला की गावातल्या हॉटेलांचे काय होते, हे निपाणी-संकेश्वरच्या लोकांना वेगळे सांगायला नको. चन्नपट्टणची लाखेच्या रंगांची खेळणी पाहून आईला गोकाकच्या खेळण्यांची आठवण झाली. तिने पुतण्यासाठी एक भिंगरी घेतली. विजेवर फिरणाऱ्या पाळण्यांपेक्षा त्या रात्री त्याला तीच जास्त आवडली. अर्थात, हे तिकिटाचे पैसे देणाऱ्याने ऐकायचे नसते.

जाणाऱ्यांसाठी चार गोष्टी सांगून ठेवतो. मुक्काम बेंगळूरला असेल तर बिडदीत जेवा, म्हैसूरला असेल तर रामनगरला. चालकाला सकाळीच 'जुना रस्ता' म्हणून सांगून ठेवा, कारण एकदा द्रुतगती मार्गावर चढलात की ही गावे लागतच नाहीत. मुलांचे कोरडे कपडे आणि एक शाल डिकीत न टाकता हाताशी ठेवा. साडेसात ही जेवणाची वेळ धरा आणि घड्याळ उलटे मोजत पार्कमधून निघा. जागा निवडताना तीनच प्रश्न विचारा. सर्वांत लहान माणूस इथे काय खाईल? सर्वांत वडील माणूस काय खाईल? आणि दोघांना किती वेळ थांबावे लागेल? मधल्या वयाची माणसे कुठेही, काहीही खातात.

पार्कवाले दिवसभराची मजा विकतात आणि ती ते चोख देतात, तक्रारीला जागा नाही. पण तिथे उंचीप्रमाणे माणसे वेगळी होतात. मोठी मुले मोठ्या पाळण्यात, लहान छोट्या पाळण्यात आणि आजी बाकावर पिशव्या सांभाळत. दिवसभरात सात जण एकत्र बसतात ते फक्त रात्रीच्या जेवणाला. ती एक तासाची बैठक कुठे घालायची हे सकाळीच ठरवून निघावे. दोन्ही भाषा येणाऱ्या आपल्यासारख्या घरांना तर ते अवघड नाही. रस्त्याकडेच्या कुठल्याही खानावळीत आपण 'ऊट इदेया?' असे विचारू शकतो, आणि आत भाकरी थापणारी बाई आपल्याकडचीच निघण्याची शक्यताही बरीच असते.