याच्यातच निघते

बेलबॉटम मुंबईत गाजली, पुण्या-नागपुरात मिरवली, जुनी झाली, आणि मग कुठे येष्टीत बसून आमच्या चांद्याला आली. कागदोपत्री गावाचं चंद्रपूर झालं होतं, पण कंडक्टरकडे तिकीट मागताना सगळे चांदाच म्हणत. आधी आली ती बातमी. नागपूरला शिकायला गेलेला कोणाचा तरी दादा दिवाळीला यायचा आणि त्याच्या पॅन्टची मोहरी बघायला अख्खी आळी ओट्यावर उभी राहायची. मोहरी किती इंचांची यावरून पोट्ट्यांत पैजा लागायच्या. म्हातारे म्हणायचे, "एवढ्या कापडात अजून एक पॅन निघाला असता बाप्पा."

फॅशनबद्दल आमच्याकडचा पहिला विचार हा असा कापडाचा असायचा. दिसते कशी, शोभते का, हे मागून. आधी प्रश्न, की घरात आहे त्यात ती निघते का? आणि उत्तर ठरलेलं होतं. कोणाच्या घरी ते आई द्यायची, कोणाच्या घरी माय, कोणाच्या घरी आजी, शब्द मात्र तेच: "निघते ना, याच्यातच निघते."

तर बेलबॉटमही त्याच्यातच निघाली. मोठ्या भावाच्या लग्नातली चिंचोळ्या मोहरीची पॅन्ट पेटीत होती. ती गुडघ्यापासून खाली दोन्ही बाजूंनी उसवायची आणि मध्ये तिकोनी तुकडा जोडायचा. अडचण एवढीच, की त्या रंगाचा तुकडा गोल बाजारातल्या कटपीसच्या ढिगात मिळायचा नाही. मग निळ्या पॅन्टला कॉफी रंगाची पाचर. कोणी हसलं तर सांगायचं, नागपुरात हेच चालू आहे. नागपूरला जाऊन बघणार कोण? मोहरी जमिनीवर घासून दसकटायची, म्हणून तिच्या काठाला आतून जुन्या बॅगेची पितळी चेन शिवायची. चालताना ती खुळखुळायची आणि त्या खुळखुळण्याचीही फॅशन झाली.

पण हा भाताचा मुलूख. आषाढात रोवणा सुरू झाला की बांधीत गुडघाभर चिखल, आणि पायाशी घेरदार बेलबॉटम! कॉलेजातून शेतावर डबा पोचवायला गेलेल्या कितीतरी वीरांनी ती दोन्ही हातांनी वर धरून पाऱ्या ओलांडल्या. डबा डोक्यावर. रोवणा करणाऱ्या बाया हसून हसून पऱ्हे खाली टाकायच्या. पुढे मोहऱ्या पुन्हा चिंचोळ्या झाल्या तेव्हा त्याच पॅन्टच्या पाचरा उसवल्या गेल्या, आणि त्यांचे खिसे झाले, दप्तराचे पट्टे झाले. आणखी काही वर्षांनी ढगळ बॅगी पॅन्ट निघाली, तेव्हा उसवलेल्या पाचरा कोणी जपून ठेवल्या होत्या का, याची घरोघर चौकशी झाली. आमच्याकडे निघाल्या. धान्याच्या कोठीच्या तोंडाला बांधलेल्या होत्या.

आमच्याकडे फॅशन उशिराच यायची, आणि याला कारण भूगोल. २६ ऑगस्ट १९८२ला गडचिरोली वेगळा जिल्हा झाला, त्याआधी सिरोंच्याचा माणूस जिल्ह्याच्या गावी यायचा म्हणजे दोनशे किलोमीटरच्या आसपासची मजल. पावसाळ्यात पर्लकोटा फुगली की भामरागड जगापासून तुटायचं. अशा ठिकाणी पोळ्याला मागवलेलं कापड दसऱ्याला पोचलं तरी लोक समाधानी असत. शिवाय उशिराचा एक फायदाही होता, तो आमच्या आयांनी ओळखला होता. जी फॅशन आमच्यापर्यंत पोचेपर्यंत टिकायची नाही, तिच्यावरचा खर्च आपोआप वाचायचा.

सिनेमाची पोस्टरं होतीच. 'बॉबी' १९७३चा, त्यातले टिपके आमच्या पोलक्यांवर उतरायला दोनेक वर्षं लागली असतील, पण उतरले ते असे, की ज्या घरी टिपक्यांचं कापड परवडेना तिथे पांढऱ्या कापडावर बांगडीच्या मापानं गोल काढून रंगाच्या पुडीनं ते रंगवले गेले. पहिल्याच धुण्यात सगळं पोलकं गुलाबी झालं. "बरं झालं, गुलाबीच पाहिजे होतं," असं म्हणून ते पुढे तीन बहिणींनी घातलं.

सिनेमापेक्षा जवळचं होतं आमचं झाडीपट्टीचं नाटक. भाऊबीज झाली की गावोगावी मंडई भरायची, शंकरपट व्हायचे, आणि रात्री नाटक. वडसा म्हणजे या नाटकांचं माहेर. तिथून मंडळ्या निघायच्या त्या पार उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत झाडीभर फिरायच्या. रात्री दहाला घंटा वाजायची, पहाटे कधीतरी पडदा पडायचा. पुरुषमंडळी कथानकावर डोळे पुसत, आणि बायका-पोरी नटीच्या बाह्यांचा अभ्यास करत. फुग्याच्या बाह्या आम्ही पहिल्यांदा पाहिल्या त्या पेट्रोमॅक्सच्या उजेडात, पोत्यावर बसून. कोणी एक बाही बघायची, कोणी गळा, कोणी पाठीवरची नाडी. सकाळी विहिरीवर तिघींचं जोडलं की अख्खं पोलकं तयार. वही-पेन्सिल लागली नाही कधी.

गावातल्या हौशी मंडळींचं नाटक असलं तर उलटाच प्रकार. नायिकेसाठी घरोघरचं चांगलं पातळ मागायला यायचे. नाही कसं म्हणायचं? पातळ परत यायचं ते काठाला रंग आणि पदराला विडीचं भोक घेऊन. मग त्या भोकावर एक वेलबुट्टी भरायची. एक भरली की दुसरीकडे दिसायला विचित्र, म्हणून सगळ्या पदरावर भरायच्या. आमच्या लहानपणी ज्या पातळांवर हातानं भरलेली नक्षी होती, त्यातली निम्मी तरी अशी भोकातून उगवलेली होती असा माझा संशय आहे.

पैशाचं म्हणाल तर तो वर्षातून ठरल्या वेळीच दिसायचा. एकदा धान निघाल्यावर, आणि एकदा तेंदूवर. मे महिन्याच्या तापत्या दिवसांत पहाटे जंगलात जाऊन पानं तोडायची, घरी येऊन ७० पानांचा एक असे पुडे बांधायचे, संध्याकाळी फळीवर मोजून द्यायचे. त्या पैशावर लग्नं उरकायची, आणि त्याच पैशावर डोळा ठेवून कापडवाले आठवडी बाजारात ताडपत्र्या अंथरायचे. बाप मात्र कापड घ्यायचा ते ताग्यानं. एकच तागा, एकच फूल, एकच रंग. त्यातून भावांचे मनिले, बहिणींचे झगे, उरलेल्यातून उशीचे अभ्रे, आणि त्यातूनही उरलं तर खिडकीला पडदा. मंडईत पोर हरवलं तर कोणाचं हे विचारावं लागायचं नाही. कापडावरून घर ओळखू यायचं. पाहुणे घरी आले की आम्ही पडद्याजवळ उभं राहायला लाजायचो.

शिवून घ्यायचं ते वाढत्या अंगाचं. आत भरपूर माया ठेवायची, झग्याला खाली दोन दुमडी घालायच्या. दर जूनमध्ये एक दुमड उसवायची. उसवल्या जागी गडद रेघ दिसायची, म्हणून तिच्यावर फीत लावायची. झग्यावर फिती किती यावरून पोरगी कितवीत आहे ते कळायचं. टेलरभाऊ माप क्वचितच घेई. नमुन्याचं पोलकं द्यायचं, आणि नमुना स्वतःच आधीच्या नमुन्यावरून बेतलेला, त्यामुळे आमच्या मावशीच्या काखेतली घट्ट शिलाई पुढच्या पिढीतही उतरली.

पातळाचं आयुष्य तर वेगळंच सांगायला पाहिजे. मधोमध विरलं की ते आडवं फाडून, विरलेला भाग काढून, चांगले दोन तुकडे जोडायचे. त्याला दंड घालणं म्हणत. दंड निऱ्यांत लपवायची कला होती, आणि लग्नाच्या पंगतीत वाढताना तो लपवणं ही तर कसरतच. दंडाचं पातळही थकलं की त्याचा परकर, परकराचं अस्तर, अस्तराची दस्ती. काठ तेवढे जपून काढून ठेवायचे. साध्या पातळाला ते काठ लावले की नवं पातळ! आता दुकानात याच युक्तीला बॉर्डर लावलेली डिझायनर साडी म्हणतात आणि किंमत ऐकून आमच्या काकू पाणी मागतात.

पंजाबी ड्रेस आला तेव्हा आजीचा विरोध होता, पण तो पातळातून निघतो हे कळल्यावर मावळला. पाच वारांत कुडता, सलवार आणि ओढणी तिन्ही निघतात, आणि पदर पुढच्या बाजूला आला तर छातीवर नक्षीही मिळते. १९९४ला 'हम आपके हैं कौन' आला. माधुरीची ती जांभळी साडी आणि पाठीचं ते पोलकं! त्या साली लग्न ठरलेल्या प्रत्येक पोरीला तेच हवं. आजीनं तोड काढली. पाठ पुरी झाकलेली, आणि वरून नाडी-गोंडा शोभेचा. फोटो समोरूनच काढायचे होते.

आमच्या उन्हाचं कोणत्याही फॅशनवाल्याला भान नव्हतं. टेरेलीनचा मनिला सगळ्यांना हवा, कारण त्याला इस्त्री लागत नाही. पण चंद्रपूरच्या मे महिन्यात, पारा पंचेचाळिशीच्या पुढे असताना, तो अंगात घालून वरातीत नाचणं म्हणजे शिक्षा. शहाणी माणसं सुतीच घालत. खळीला पैसे पडत नसत. रोज भात शिजायचा, रोज पेज निघायची. तिच्यात थोडी नीळ घालून धोतर-मनिले बुडवायचे. वाळल्यावर ते कडक व्हायचे, आणि राखण ठेवली नाही तर दोरीवरून गाय चघळून न्यायची. इस्त्री म्हणजे पितळी तांब्यात निखारे. घाईत असलं तर घडी घालून गादीखाली. पायात टायरच्या चपला. उंच टाचांचं खूळ आलं तेव्हा मोचीभाऊनं स्लिपरखाली टायरचा आणखी एक थर ठोकून दिला आणि आमची ताई दोन बोटं उंच झाली. गळ्यात-कानात घालायचं सामान महाकालीच्या चैत्री यात्रेत नाहीतर शिवरात्रीला मार्कंड्याच्या जत्रेत. एटापल्ली-भामरागडच्या माडिया बाया बाजारात यायच्या त्यांच्या गळ्यात रंगीत मण्यांचे सर असायचे, एकावर एक. आम्ही ते डोळे भरून बघायचो आणि घरी येऊन प्लॅस्टिकची माळ घालायचो. बावळटपणा दुसरं काय.

तोच बावळटपणा खादीच्या बाबतीत. सावलीला १९३६ साली गांधी सेवा संघाचं संमेलन भरलं, गांधीजी स्वतः आले होते. तेव्हापासून आसपासच्या घरांत आजोबांच्या पिढीनं खादी धरली ती सोडली नाही. त्या जाड्याभरड्या खादीची एकच खोड. फाटायची नाही. आजोबांच्या बंडीतून आमच्या अर्ध्या चड्ड्या निघाल्या आणि आम्ही त्या दगडावर घासून पाहिल्या, कुंपणात अडकवून पाहिल्या, पण नवी चड्डी काही मिळाली नाही.

आणि कोसा. आरमोरी-नागभीडकडे ऐन-अर्जुनाच्या झाडांवर ढिवर लोक किडे पाळायचे, पाखरांना हाकलत दिवस दिवस जंगलात बसायचे. कोष उकळून बाया मांडीवर धागा वळायच्या, कोष्टी विणायचे. मातकट सोनेरी रंग, रंगवायची गरजच नाही. आमच्या दारातलं रेशीम, पण आमच्या लेखी ते सोवळ्याचं, म्हाताऱ्यांचं कापड. वडिलांचं पूजेचं कोशाचं धोतर पेटीत, डांबरगोळ्यांच्या वासात पडून असायचं. नायलॉनपुढे त्याला कोण विचारतं?

आता विचारतात. पुण्याची भाची प्रदर्शनात टसर म्हणून तेच कापड बघून आली आणि भाव ऐकून हातात न घेताच परतली. फोनवर तिनं सांगितलं तेव्हा काकूनं पेटी उघडली. धोतर चांगलं होतं, एका टोकाला फक्त विरलेलं. बातमी फुटायला वेळ लागला नाही. दिवाळीला पुण्याची आली, ब्रह्मपुरीची आली, बल्लारपूरची तर आधीच येऊन बसली होती. तिघींना तेच पाहिजे. नातीनं मोबाईलवर चित्रं काढली, काकूनं धोतर ओट्यावर पसरलं आणि वितीनं मोजायला सुरुवात केली. एकीची कुडती, एकीचं जाकीट, एकीला पोलकं. मोजता मोजता थांबली. बाह्या कोणाच्याच निघेनात.

"मग बिनबाह्याचंच शिव ना आजी," नात म्हणाली, "तेच चालू आहे सध्या."

काकूनं चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. "आधी सांगायचं ना मग," ती म्हणाली, "चौथीचंही निघते याच्यात," आणि मशीनवरचा कपडा बाजूला करून बॉबीन भरायला बसली.