आडनावाचा भाव

मी इंद्रलोकात राहतो. हसू नका. भाईंदर पूर्वेला उतरायचं, रिक्षावाल्याला नुसतं इंद्रलोक म्हणलं की तो आणून सोडतो. इथं ना इंद्र, ना अप्सरा. बिल्डिंगला बिल्डिंग चिकटलेली, खाली दुकानं, वर गॅलरीत वाळणारे कपडे आणि पहाटे लोकलला लटकायला निघालेली माणसं. त्यातलाच मी एक. पण या इंद्रलोकात शिरताना दारावर जे विचारलं गेलं, त्याबद्दल बोलायचंय. आणि एका अर्थशास्त्रज्ञाबद्दल.

भाड्यानं खोली बघत होतो. एजंट फोनवर गोड बोलला. भाडं सांगितलं, डिपॉझिट सांगितलं. मी हो म्हणलं. मग शेवटी, "आडनाव काय?" सांगितलं. तो थांबला. "मालकाला विचारून कळवतो." अर्ध्या तासानं फोन आला, खोली कालच गेली म्हणून. काल गेलेल्या खोलीचं भाडं आज सकाळी कशाला ठरवत होता, साला?

ऑफिसात एक मित्र आहे. त्याचं आडनाव सगळीकडे चालतं. म्हणलं, तू लाव फोन. त्यानं लावला, आणि मेलेली खोली जिवंत झाली. "संध्याकाळी या साहेब, किल्ली माझ्याकडंच आहे."

मी पेटलो. आमच्या अभ्यासवर्गात पोरांना सांगितलं, पोरंही पेटली. दुसऱ्या दिवशी सगळे विझलो. मी दुसरी खोली शोधली, तिच्यात राहायला आलो, झालं. अपमान सांगायचा, भडकायचं, कामाला लागायचं. आमच्या बापानं तेच केलं, आम्हीही तेच.

मग एकदा एका अभ्यासाबद्दल वाचनात आलं आणि मी उठून बसलो. मी चिडून जे एकदाच केलं होतं, ते एका माणसानं थंड डोक्यानं ४८०८ वेळा केलं होतं. वर्तमानपत्रात खाजगी कंपन्यांच्या नोकरीच्या जाहिराती यायच्या. ६६ आठवडे, ५४८ जाहिराती. शिक्षण तोलामोलाचं, अर्ज सारखा, फरक फक्त नावात. एक नाव उच्चवर्णीय, एक दलित, एक मुसलमान. मग कुणाला बोलावणं येतं ते मोजलं. उच्चवर्णीय नावाला बोलावणं येण्याची जेवढी शक्यता, तिच्या दोन तृतीयांश दलित नावाला. मुसलमान नावाला एक तृतीयांश. २००७ साली हे छापून आलं. करणारे दोघं : अमेरिकेतले पॉल अ‍ॅटवेल आणि आपले सुखदेव थोरात.

थोरात सर मूळचे शेतीचे अर्थशास्त्रज्ञ, हे आपल्या पोरांना ठाऊक नसतं. अमरावती जिल्ह्यातलं महिमापूर हे गाव, जन्म १९४९ चा. शिकले औरंगाबादला, बाबासाहेबांच्या मिलिंद कॉलेजात. तिथंच एका कॉलेजात १९७३ पासून मास्तरकी. १९८० ला दिल्लीच्या जेएनयूत प्राध्यापक. मधे वॉर्सात नियोजनाचं शिक्षण, पुढं अमेरिकेत आयोवाच्या विद्यापीठात शिकवणं, मग वॉशिंग्टनच्या अन्नधोरणाच्या संस्थेसाठी संशोधन. तिथल्या दोघा अर्थशास्त्रज्ञांबरोबर त्यांनी १९९९ साली हिशोब मांडला की सरकारनं खेड्यात पैसा कशावर घातला तर गरिबी जास्त हटते. उत्तर आलं : आधी रस्ते, मग शेतीचं संशोधन.

मी हे वाचलं तेव्हा माझ्या डोळ्यापुढं माझं गाव आलं. रस्ता आमच्याकडंही आला. पण रस्त्यानं जाऊन विकायचं काय, आणि आपलं घेणार कोण? माझ्या मायनं एक म्हैस पाळली होती. गावातल्या हाटेलवाल्याला दूध नको होतं. बादली डोक्यावर घेऊन माय शेजारच्या बाजारगावी जायची, जिथं तिला कुणी ओळखत नव्हतं. मी एकदा विचारलं, तर म्हणाली, "दूध त पांढरंच हाय न बाप्पा. त्याहिले त्याच्यात आपला मोहल्ला दिसते." मला वाटायचं ही आमच्या घरची कहाणी. २००६ ला खेड्यातल्या अस्पृश्यतेवर एक पुस्तक आलं, ११ राज्यांतली ५६५ गावं फिरून केलेलं. त्याच्या पाच लेखकांत थोरात सर आहेत. दूध सोसायटी असलेल्या जवळपास निम्म्या गावांत दलिताचं दूध घ्यायला नकार होता. माझी माय त्या आकड्यात कुठंतरी बादली घेऊन उभी आहे.

मला तरी या माणसाची वाट इथं दिसते. शेती, मजुरी, रस्ता, बाजार मोजत मोजत तो अशा जागी पोचला की जिथं पुस्तकातलं अर्थशास्त्र गप्प बसतं. पुस्तक म्हणतं, बाजार फक्त भाव बघतो. हा म्हणतो, बाजार आडनावही बघतो, आणि हे घ्या मोजून. २००३ ला दिल्लीत भारतीय दलित अध्ययन संस्था उभी राहिली, तिचे ते पहिले संचालक. २००६ ते २०११ विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष. खुर्ची मिळाली म्हणून मोजणं थांबलं नाही. २०१५ साली तर दिल्ली आणि आसपासच्या शहरांत भाड्याच्या घरांवरच अभ्यास आला. वेगवेगळ्या नावांनी घरं मागायची, कोण नाही म्हणतं ते लिहायचं. दलितांना नकार, मुसलमानांना त्याहून जास्त. म्हणजे माझा इंद्रलोकचा एजंट एकटा नव्हता.

ही वाट काही त्यांनी नवी काढली नाही. बाबासाहेबांनी १९१८ सालीच भारतातल्या लहान शेतजमिनींवर निबंध लिहिला. सगळे विद्वान म्हणत होते तुकडे लहान म्हणून शेतकरी गरीब. बाबासाहेब म्हणाले, नुसत्या आकाराला धरून बसू नका, त्या तुकड्यावर भांडवल किती, अवजारं किती, माणसं किती ते बघा. जमिनीवरची जादा माणसं उद्योगात न्या. आपण बाबासाहेबांचा फोटो लावतो, पण हा निबंध किती जणांनी वाचलाय? हात वर करा. मीही फार उशिरा वाचला.

अभ्यासवर्गात एक पोरगा उसळून म्हणाला, "दादा, आकड्यानं दार उघडतं का?" नाही उघडत, बाबा. ४८०८ अर्जांनी एकाही कंपनीचं दार उघडलं नाही, आणि माझी ती खोली मला अजून मिळालेली नाही. पण पूर्वी मी एकटा सांगायचो तेव्हा समोरचा म्हणायचा, तुमचा गैरसमज झाला असेल. एकट्याला गैरसमज म्हणता येतं. चार हजारांना काय म्हणणार? मोर्चा लागतोच. पण मोर्चा परतल्यावर साहेबाच्या टेबलावर राहतो तो कागद. तो कागद आपणच लिहिला पाहिजे.

म्हणून आम्ही इंद्रलोकात एक वही सुरू केलीय. शंभर पानी, साधी. तारीख, फोन कुणी केला, आडनाव काय सांगितलं, भाडं किती, उत्तर काय मिळालं. त्याच खोलीला दुसऱ्या आडनावानं फोन केला तर काय मिळालं. शिव्या लिहायच्या नाहीत, नुसतं घडलं ते. पहिल्या पानावर माझीच नोंद आहे. दुसरी त्या उसळणाऱ्या पोराची.

तुमच्या गावात, तुमच्या फेजमध्ये, तुमच्या नाक्यावर अशी वही आहे का? नसेल तर आज घ्या.

जयभीम.